गळती कुठून आहे ते आधी शोधा, मग पाना हातात घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरातलं गाड्यांचं पान मी नेहमी वाचते आणि आवडीने वाचते, पण त्यात सगळं नव्या गाड्यांचंच असतं, कुठली आली, किती ॲव्हरेज देते, स्क्रीन केवढी आहे वगैरे. ज्यांच्याकडे पंधरा-वीस वर्षांची गाडी आहे आणि ती अजून व्यवस्थित चालतेय त्यांच्यासाठी कधीच काही येत नाही. म्हणून हे पत्र. विषय एकच घेतलाय, जुन्या गाडीखाली पडणारं इंजिन ऑइल, कारण याच एका गोष्टीवरून लोकांना नको तो खर्च करताना आणि चांगल्या गाड्या मातीमोल भावाने काढून टाकताना मी पाहिलंय, आणि मला त्याचा खरंच राग येतो.

माझं म्हणणं इतकंच आहे की ऑइल जिथून टपकताना दिसतं तिथूनच ते गळत असेल असं अजिबात नाही. ते सुटतं वर कुठेतरी, मग इंजिनाच्या अंगावरून ओघळत खाली येतं, गाडी चालू असताना वाऱ्याने मागे ढकललं जातं, एखाद्या बोल्टच्या डोक्यावर नाहीतर चेंबरच्या (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं ते भांडं) कडेला जमा होतं आणि तिथून थेंब पडतो. आपण खाली वाकून बघतो, चेंबर ओला दिसतो, लगेच निकाल, चेंबरचं पॅकिंग गेलं. मग ते बदलतात आणि चार दिवसांनी पुन्हा फरशीवर डाग. यात पॅकिंगचा दोष नसतो, शोधायचा कंटाळा केलेला असतो.

गळती का होते ते आधी सांगते. इंजिन म्हणजे बरेच भाग एकमेकांवर बसवून बोल्टने आवळलेले असतात, प्रत्येक जोडावर गास्केट म्हणजे पॅकिंग असतं, आणि जिथून फिरणारा शाफ्ट बाहेर येतो तिथे ऑइल सील असतं. हे सगळं रबर नाहीतर कॉर्क नाहीतर कागदी पॅकिंग, आणि इंजिन रोज तापतं, गार होतं, पुन्हा तापतं. वर्षानुवर्षं हे झालं की रबर कडक होतं, त्याचा लवचिकपणा जातो, कॉर्क आकसतं. गाडी जास्त चालली म्हणूनच सील जातं असंही नाही, महिनोन्महिने एका जागी उभी राहिलेल्या गाडीची सीलं पण वाळतात. म्हणजे जुन्या गाडीत कुठेतरी थोडं पाझरणं हे तिच्या वयाला धरूनच आहे, त्यावरून इंजिन संपलं असं कोणी म्हणत असेल तर लगेच विश्वास ठेवू नका.

आता शोधायचं कसं. सगळ्यात आधी ते इंजिन ऑइलच आहे का हे बघा, हसू नका, इथेच अर्धे लोक चुकतात. रात्री गाडीखाली एक मोठा पुठ्ठा सरकवून ठेवा, पुढची चाकं कुठे येतात त्याची खूण पुठ्ठ्यावर करा म्हणजे सकाळी डाग इंजिनाच्या कुठल्या भागाखाली पडला ते कळतं. स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं, काळजी नाही. हिरवं किंवा गुलाबी, हाताला चिकटसर आणि जरा गोडसर वासाचं असेल तर कूलंट. लाल असेल तर बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं नाहीतर पॉवर स्टिअरिंगचं. फिकट पिवळं, अगदी पातळ आणि चाकाच्या आतल्या बाजूला किंवा ब्रेक पेडलच्या वरच्या भागात सापडलं तर ब्रेक ऑइल, मग गाडी हलवूच नका, आधी ते काम. गिअर ऑइल दाट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो, एकदा घेतला की विसरत नाही. इंजिन ऑइल ताजं असेल तर मधाच्या रंगाचं, जुनं असेल तर तपकिरी-काळं, आणि दोन बोटांत चोळलं की बुळबुळीत लागतं.

दुसरं म्हणजे गाडी ऑइल गाळतेय की खातेय हे दोन वेगळे आजार आहेत, आणि दोन्ही एकाच वेळी असू शकतात. डिपस्टिकवर (ऑइल मोजायची पट्टी) पातळी खाली जातेय पण पुठ्ठा कोरडा आहे, आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतोय, विशेषतः सकाळी स्टार्ट करताना नाहीतर उतारावरून ॲक्सिलरेटर सोडून आल्यावर पुन्हा दाबताना, तर ऑइल आत जळतंय, बाहेरची पॅकिंगं बदलून काही होणार नाही. डिपस्टिक बघायची ती सपाट जागेवर आणि इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबून, म्हणजे वरचं ऑइल खाली उतरतं. एकदा पट्टी पुसायची, पूर्ण आत घालायची, मग बाहेर काढून वाचायची. बऱ्याच गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेमधलं अंतर साधारण 1 लिटरचं असतं, त्यावरून अंदाज येतो किती गेलं. किलोमीटर आणि पातळी एका वहीत लिहून ठेवा, मोबाईलमध्ये लिहा, कुठेही लिहा पण लिहा, कारण "हल्ली जरा जास्तच जातंय" या वाक्यावरून कुठलाच मेकॅनिक काही ठरवू शकत नाही. आणि वरच्या खुणेच्या वर कधी भरू नका, जास्त झालं की क्रँक, म्हणजे खालचा फिरणारा मुख्य दांडा, त्यात आपटतो, फेस होतो आणि ऑइल कमकुवत सीलमधून बाहेर पडतं, म्हणजे जास्त भरूनसुद्धा गळती सुरू होते.

आता मुख्य काम, इंजिन धुणं. हे केल्याशिवाय शोध सुरूच होत नाही आणि नेमकं हेच कोणी करत नाही. जुन्या इंजिनावर धूळ आणि ऑइल मिळून काळा थर बसलेला असतो, त्यात ताजी गळती कुठली आणि मागच्या मालकाच्या वेळची कुठली हे कोणालाही सांगता येणार नाही. इंजिन गार असताना डिग्रीझर (तेलकटपणा काढणारा द्राव) मारायचा, ब्रशने घासायचं, मग बेताच्या पाण्याने धुवायचं. अल्टरनेटर, हवेचा इनटेक, फ्यूज बॉक्स आणि जुन्या गाडीत डिस्ट्रिब्युटर असेल तर तो, हे सगळं आधी प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधून घ्यायचं, जोरदार प्रेशरचा फवारा तिथे मारायचा नाही. खाली प्लास्टिकचं किंवा पत्र्याचं कव्हर असेल तर ते काढून वेगळं धुवा, कारण त्यात जुनं ऑइल साठून राहतं आणि गळती थांबल्यावरसुद्धा कितीतरी दिवस टपकत राहतं. मग हवा मारून नाहीतर उन्हात ठेवून पूर्ण वाळू द्या, पिशव्या काढा, आणि गाडी चालवा. लांब नको, इंजिन पूर्ण तापेल एवढी, मग परत येऊन टॉर्च घेऊन बघा. काही नाही दिसलं तर दुसऱ्या दिवशी बघा, तिसऱ्या दिवशी बघा.

बघायचं ते वरून खाली. सगळ्यात उंच ओली जागा कुठली आहे, तिच्या वर सगळं कोरडं आहे का, हाच प्रश्न. सर्वात वर ऑइल भरायचं झाकण, त्याच्या आतला रबरी रिंग कडक झाला असेल तर तिथूनच सुरू होतं. मग टॅपेट कव्हरची, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाची, चारही बाजू, आणि मागची बाजू तर नक्की, जी फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) असते आणि जिथे डोकं घालायला जागा नसते. तिथे छोटा आरसा घाला, नाहीतर मोबाईलचा कॅमेरा चालू करून हात आत सरकवा आणि व्हिडिओ काढा, हे फार कामाला येतं. स्पार्क प्लगच्या वायरी उपसून प्लगच्या खड्ड्यात ऑइल आहे का ते बघा, असेल तर तिथली ट्यूब सील गेली, आणि इंजिन मिसिंग करत असेल तर तेही कदाचित त्यामुळेच. मग कॅमशाफ्टच्या टोकाचं सील, डिस्ट्रिब्युटरच्या बुडाचा ओ-रिंग, डिपस्टिकची नळी जिथे ब्लॉकमध्ये शिरते तिथला रिंग, ऑइल प्रेशरचा स्विच, फिल्टर, टायमिंग कव्हर, क्रँक पुलीच्या मागे असलेलं क्रँकचं पुढचं सील, आणि सगळ्यात शेवटी चेंबर आणि ड्रेन बोल्ट.

एवढं करूनही नेमकं सापडत नसेल तर दोन उपाय आहेत. एक म्हणजे स्वच्छ आणि कोरड्या केलेल्या जागेवर टाल्कम पावडर पातळ भुरभुरायची आणि इंजिन आयडलवर सोडायचं, जिथून ऑइल येतं तिथे पांढऱ्यावर गडद रेघ उमटते. पंखा आणि पट्ट्यांपासून हात लांब ठेवून हे करा. दुसरा उपाय डायचा. ऑइलमध्ये टाकायचा यूव्ही डाय मिळतो, बाटलीवर लिहिलेल्या मापाने टाकायचा, थोडं चालवायचं आणि अंधारात यूव्ही टॉर्च मारायचा, गळतीची जागा पिवळट हिरवी चमकते. जिथे हात पोचत नाही, नजर पोचत नाही तिथे हा डाय खरं काम करतो, आणि पुराव्यासकट, म्हणजे मेकॅनिक आणि मालक दोघंही एकाच रेघेकडे बघून बोलतात, नुसत्या अंदाजावर वाद घालत बसत नाहीत.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे ती म्हणजे गळती प्रेशरची आहे की बिनप्रेशरची. टॅपेट कव्हर, चेंबर इथे ऑइल नुसतं उडतं किंवा साठलेलं असतं, तिथून ते हळूहळू पाझरतं. पण ऑइल प्रेशरचा स्विच, फिल्टर, ऑइल कूलरचे पाइप, टर्बो असेल तर त्याला जाणारी नळी, इथे पंपाचा दाब असतो. तिथे काही सुटलं की इंजिन चालू असेपर्यंत धार लागते आणि बंद केलं की थांबते. म्हणजे उभ्या गाडीखाली डाग नाही पण डिपस्टिकवर पातळी झपाट्याने खाली, मागचा बंपर आणि काच तेलकट, असं असेल तर आधी प्रेशरच्या जागा बघा. प्रेशर स्विच तर असा भाग आहे की त्याच्या कनेक्टरमधूनच ऑइल बाहेर येतं, कनेक्टर उपसला आणि आत ऑइल दिसलं तर दुसरं काही शोधायची गरजच नाही, बदलायला छोटं काम आणि छोटा भाग.

माझ्या दिरांच्या गाडीचं सांगते. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखालून थेंब पडत होते, त्यांना सांगण्यात आलं की क्रँकचं मागचं सील गेलं. आता मागचं सील बदलायचं म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचा, क्लच काढायचा, फ्लायव्हील काढायचं, सील लहानसं पण मजुरी सगळी त्यात. गिअरबॉक्स उतरला, नवं सील बसलं, आणि गाडी घरी आल्यावर थोड्याच दिवसांत त्याच जागी तोच डाग. मग दुसऱ्या एका वयस्कर मेकॅनिकने पाना हातात घ्यायच्या आधी इंजिन धुवायला लावलं, चालवून आणायला लावलं आणि आरसा मागे धरला. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून, जिथे अर्धगोल रबर बसतं, तिथून एक बारीक ओली रेघ निघून हेडच्या (इंजिनाचा वरचा भाग) पाठीवरून सरळ खाली गिअरबॉक्सच्या कवचावर उतरत होती. कव्हरचं पॅकिंग बदललं, गळती संपली. मागचं सील जात नाही असं मी म्हणत नाही, जातंच, पण ते सगळ्यात शेवटी ठरवायचं, वरचं सगळं कोरडं आहे याची खात्री झाल्यावर. आणि तिथलं ऑइल इंजिनचं की गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधून आलेलं हेही वासावरून आणि दाटपणावरून बघायचं, नाहीतर उतरवल्यावर कळतं की सील दुसरंच गेलंय.

आता ब्रीदरबद्दल, कारण हे कोणी बघत नाही आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. पिस्टनच्या बाजूने थोडा गॅस खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकच्या भोवतालच्या पोकळीत, उतरतोच, नव्या इंजिनातसुद्धा. तो बाहेर जायला ब्रीदरची नळी आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह असतो, तो गॅस परत इनटेकमध्ये ओढला जाऊन जळतो. ही वाट काळ्या चिकट घाणीने बंद झाली की आत दाब वाढतो, आणि तो दाब जिथे कमकुवत सील असेल तिथून ऑइल बाहेर ढकलतो. अशा गाडीत तुम्ही कितीही चांगलं पॅकिंग टाका, काही महिन्यांत ते किंवा त्याच्या शेजारचं पुन्हा गळणार. तपासायला सोपं आहे, इंजिन आयडलवर असताना ऑइलचं झाकण काढून त्या तोंडावर पातळ कागद ठेवा, बहुतेक पेट्रोल गाड्यांत तो हलकासा आत ओढला जायला पाहिजे. कागद उडत असेल, फक्‌फक्‌ करून धूर येत असेल तर आधी व्हॉल्व्ह आणि नळ्या काढून साफ करा किंवा बदला. बऱ्याच पीसीव्ही व्हॉल्व्हचं असं असतं की हातात घेऊन हलवला की आत टिकटिक वाजतो, वाजत नसेल तर अडकलाय. नवा टाकूनही दाब तसाच राहिला तर मग बॅक कॉम्प्रेशन आहे, रिंगा-सिलिंडर झिजलेत, कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या, तेव्हा कुठे इंजिन खोलायची भाषा करायची.

दुरुस्तीत सगळ्यात जास्त वेळा करावं लागणारं काम म्हणजे टॅपेट कव्हरचं पॅकिंग, आणि ते घरीसुद्धा करता येतं जर घाई नसेल तर. इंजिन पूर्ण गार हवं. कव्हर काढायच्या आधी आजूबाजूची धूळ साफ करा, नाहीतर ती सरळ कॅमवर पडते. जुनं पॅकिंग काढताना लोखंडी पटाशी वापरू नका, हेड बहुतेक गाड्यांत ॲल्युमिनियमचं असतं, एक ओरखडा पडला की नवी गळती तिथूनच, प्लास्टिकची पट्टी घ्या. दोन्ही पृष्ठभाग एकदम कोरडे, तेलाचा अंशसुद्धा नको. पत्र्याचं कव्हर असेल तर बोल्टच्या भोकांजवळ पत्रा आत दबलाय का बघा, आधी कोणीतरी ताकद लावून आवळलेलं असतं, तो हलक्या हाताने ठोकून सपाट करून घ्या, वाकडं कव्हर नव्या पॅकिंगलाही दाद देत नाही. रबरी पॅकिंग असेल तर ते कोरडंच बसवायचं, सिलिकॉन फक्त त्या ठिकाणी जिथे दोन जोड एकत्र येतात, म्हणजे टायमिंग कव्हर आणि हेडची सांध आणि अर्धगोल रबराचे कोपरे, तिथे एक छोटा ठिपका. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, आलटून पालटून, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे. अनेक गाड्यांत इथला टॉर्क (आवळायचा जोर) फक्त 8 ते 10 न्यूटन मीटरच्या आसपास असतो, म्हणजे मनगटाचा जोर, दंडाचा नाही, नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा.

सिलिकॉनबद्दल जरा जास्त बोलावंसं वाटतं. सगळीकडे ट्यूब पिळून जाड थर लावायचा आणि वर कव्हर दाबायचं, ही पद्धत फार बोकाळलीय. बाहेरून जेवढं फुगून आलेलं दिसतं तेवढंच आतही फुगलेलं असतं, आणि ते आतलं तुकडे होऊन तुटतं, ऑइलबरोबर खाली चेंबरमध्ये जातं आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकतं. जाळी तुंबली की पंपाला ऑइल मिळत नाही, प्रेशर पडतं, बेअरिंगं जातात. एक थेंब थांबवायला गेलो आणि इंजिन घालवून बसलो असं होतं. जिथे लावायचं तिथे बारीक रेघ, आणि लावल्यावर ट्यूबवर लिहिलंय तेवढा वेळ थांबायचं, बऱ्याच सिलिकॉनला पूर्ण सुकायला 24 तास लागतात, लगेच ऑइल भरून स्टार्ट मारली तर सगळं वाया.

ड्रेन बोल्ट आणि फिल्टरच्या गळत्या बहुतेक वेळा ऑइल बदलतानाच तयार होतात. ड्रेन बोल्टचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर एकदाच दबण्यासाठी असतो, दर वेळी नवा टाका. गळतंय म्हणून बोल्ट अजून अजून आवळू नका, ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात, मग नवे आटे पाडून इन्सर्ट बसवा नाहीतर चेंबर बदला. फिल्टर काढल्यावर जुना रबरी रिंग फिल्टरबरोबर आला की इंजिनालाच चिकटून राहिला हे बोट फिरवून बघा, दोन रिंगा एकावर एक बसल्या तर स्टार्ट केल्यावर काही वेळात सगळं ऑइल रस्त्यावर येऊ शकतं. नव्या रिंगला ऑइलचं बोट लावा, टेकला की हाताने साधारण पाऊण फेरी, बस.

शाफ्टचं सील बदलताना जुनं काढताना शाफ्टवर ओरखडा पडू देऊ नका, आणि शाफ्टवर बोटाचं नख फिरवून बघा. जुन्या सीलच्या ओठाने तिथे खाच पाडली असेल तर नवं सील त्याच खाचेत बसून पुन्हा गळतं. त्यावर पातळ स्टीलची स्लीव्ह चढवता येते, किंवा मॅन्युअलमध्ये चालत असेल तर सील किंचित पुढे-मागे बसवतात. रबरी सीलच्या ओठाला ऑइल लावून बसवतात, पण टेफ्लॉनची सीलं बहुतेक कोरडीच बसवायची असतात, सीलच्या पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा. टायमिंग बेल्टचं काम निघालंच असेल तर कॅमचं आणि क्रँकचं पुढचं सील त्याच वेळी करून घ्या, कारण सगळं उघडलेलंच असतं.

बाटलीतल्या लीक स्टॉपबद्दल लोक विचारतात. ती औषधं कडक झालेल्या रबराला मऊ करून किंचित फुगवतात, त्यामुळे एखाद्या वाळलेल्या सीलचं थोडं पाझरणं कमी होऊ शकतं, जुन्या गाड्यांसाठीच्या काही ऑइलमध्येही असेच घटक असतात. पण फाटलेलं पॅकिंग, वाकलेलं कव्हर, गेलेले आटे यावर त्याचा काही उपयोग नाही. आणि गळतंय म्हणून जाड ऑइल टाकायचं हे तर चुकीचंच, थंड इंजिनात ते उशिरा वर पोचतं आणि झीज वाढते. जो ग्रेड मॅन्युअलमध्ये दिलाय तोच.

आता घाई कधी करायची. डॅशबोर्डवर ऑइलच्या कॅनचा लाल दिवा लागतो तो बहुतेक गाड्यांत प्रेशरचा असतो, पातळीचा नाही. म्हणजे तो लागेपर्यंत वाट बघितली तर उशीर झालेला असतो. तो चालत्या गाडीत लागला की बाजूला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा, "घर जवळच आहे" असं म्हणून पुढे जाऊ नका, तेवढ्यात बेअरिंगं जाऊ शकतात. दुसरं, ऑइल एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातला तापलेला धूर बाहेर नेणारा भाग) पडत असेल, गाडी थांबल्यावर जळका वास आणि बॉनेटमधून धूर येत असेल, तर ते टाळू नका. इंजिन ऑइलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते) साधारण 200 ते 240 अंश सेल्सियस असतो आणि लोड असताना मॅनिफोल्ड त्याच्या कितीतरी वर तापतो, आग लागू शकते. टायमिंग बेल्टवर ऑइल येत असेल तरी लवकर करा, रबर खराब होतं, आणि बेल्ट तुटला की काही इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. क्लचवर आलं तर क्लच घसरतो. पण नुसता ओलसरपणा आहे, धूळ चिकटलीय, थेंब पडत नाही, पातळी महिनोन्महिने तीच आहे, तर ते तसंच राहू द्या, दर महिन्याला पुसून बघत राहा.

गाडीखाली जाणार असाल तर नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही, अगदी एका मिनिटासाठीही, जाऊ नका. सपाट कडक जमीन, हँडब्रेक, चाकांना अडसर, आणि जॅकबरोबर स्टँड लावून, गाडी हलवून बघून मगच खाली. जॅक सुटला तर माणसाला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. हातात मोजे घाला, वापरलेलं ऑइल कातडीला चांगलं नाही. आणि काढलेलं ऑइल गटारात, मातीत ओतू नका, डब्यात भरून जिथे वापरलेलं ऑइल गोळा करतात तिथे द्या. टपकणारी गाडी रस्त्यावर लावतो तेव्हा पावसाच्या पाण्याबरोबर तेच ऑइल नाल्यात जातं, गळती बंद करण्याचं हेही एक कारण आहे.

गॅरेजवाल्यांना माझी विनंती आहे की धुण्याचे आणि शोधण्याचे वेगळे पैसे घ्या, हक्काने घ्या, ते कौशल्याचं काम आहे. आणि मालकांनी ते कुरकुर न करता द्यावेत, कारण शोधायला पैसे मिळत नाहीत म्हणूनच मेकॅनिक थेट भाग बदलायला घेतो. काम झाल्यावर इंजिन पुन्हा एकदा धुवून घ्या, म्हणजे जुन्या डागाला नवी गळती समजून भांडण होणार नाही.

संपादक साहेब, त्या पानावर महिन्यातून एकदा तरी जुन्या गाड्यांसाठी जागा द्या, कूलंटची गळती, जुन्या वायरिंगचे शॉर्ट, रबरी होज कधी बदलायचे, एवढे विषय पडलेत आणि लिहिणारे चांगले मेकॅनिकही भरपूर आहेत, त्यांना कोणी विचारत नाही. हे पत्र लांबलंय याची कल्पना आहे. जागेमुळे कापावं लागलं तर कुठूनही कापा, फक्त लाल दिव्याचा आणि जॅकचा मजकूर तेवढा पूर्ण छापा.

आपली,
जुनी गाडी रोज चालवणारी एक वाचक